बोडीचा ढेकर

बोडीच्या तळाशी गाळ कोणी मुद्दाम टाकत नाही. तो आपला थोडा थोडा येतो, आणि एक दिवस पाय रुतला की कळतं, अरे, हा तर गुडघ्यापर्यंत आला! किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही पाळीवर बसणारी मोजकी माणसं, पण गाळ बघाल तर पोत्यांनी. कोणी पाहुणा आला की पुंडलिक मिस्त्री म्हणतो, "दसरूभाऊ, थो म्हशीवाला सांगा ना जी!" मी सुरू करतो. पण माझं सगळं सावकाश. मी अर्ध्यावर येतो तोवर चहा संपलेला असतो आणि आमच्यातल्याच झामूनं शेवट सांगून टाकलेला असतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू. कागदावर मध्ये कोणी बोलत नाही.

आधी थोडं समजून घ्या. आम्ही सौंदडच्या बाजूचे, धानाचे लोक. लहान तलावाला आम्ही बोडी म्हणतो, तिच्या मातीच्या बांधाला पाळ. बोडी भरली की वरचं जास्तीचं पाणी जिथून सांडून जातं तो सलंग. आणि तळाचं पाणी सोडायचं भोक, त्याला तुडूम. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप येईल.

* * *

गावची बोडी शेवंताबाईच्या बचत गटानं मासे पाळायला घेतली. शेवंताबाई विहाराच्या गल्लीत राहते. उंचीनं एवढीशी, आवाजानं पार स्टेशनपर्यंत!

पहिल्याच पावसाळ्यात तिला वाटलं, सलंगातून पाण्याबरोबर मासे पळून जातील. तिनं सलंगात रेतीची पोती घालून तोंड बंद केलं. मासे गेले नाहीत. पाणीपण गेलं नाही. मग पाळच गेली!

मासे गावाच्या बांध्याबांध्यांतून, धानाच्या तुकड्यातुकड्यांतून पसरले. लोक धानात वाकून रोहू वेचत होते. घराघरात फोडणीचा वास, आणि शेवंताबाई घरात तोंडावर पदर घेऊन.

संध्याकाळी शेजारची कौसाकाकू सांत्वनाला आली. पदराखाली वाटी. म्हणाली, "शेवंता, दुःखात मानूस जेवत नाही वो. दोन घास खाय."

वाटीत माशाचा रस्सा!

शेवंताबाईनं वाटीकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी हाय," म्हणाली. मग वाटी चाटूनपुसून खाल्ली.

"अवो, रागावली नाईस ना?" काकूनं विचारलं.

"माहाच मासा हाय, काकू. मी त्याले कायले सोडू?"

* * *

ग्रामसभेत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सरपंच सगळ्यांसमोर म्हणाले, "आखीन एक पावसाळा देतो. यंदा पाळ फुटली तर बोडी गटाकडून वापस."

शेवंताबाई उठून उभी राहिली. "फुटनार नाई!" असा आवाज, की मागच्या रांगेतला झोपलेला माणूस जागा झाला.

खाली बसली आणि माझ्या कानाशी आली. "दसरूभाऊ, फुटनार नाई ना जी?"

* * *

गोंदियाहून मत्स्य विभागाच्या, म्हणजे आमच्या मासेवाल्या, मॅडम आल्या. वयानं तरुण, बोलणं अर्धं हिंदी, पण चिखलात उतरायला मागेपुढे पाहणाऱ्या नव्हेत. फुटलेली पाळ आम्ही मातीनं भरून काढली होती, पण जुना सलंग वाहून गेला होता आणि नव्याचा दगड यायचा होता. तोवर पाईपवर काम भागवायचं ठरलं. त्यासाठी बोडीतली सगळ्यात खोल जागा पाहिजे होती.

झामू म्हणाला, "नापता कायले? चांदीले विचारा!"

चांदी म्हणजे झामूची म्हैस. रंगानं कोळसा, नाव चांदी! कितीतरी वर्षांपासून ती बोडीत एकाच जागी बसते, बाभळीच्या बाजूला. झामूचं म्हणणं, म्हैस नेहमी खोल जागा धरते. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

मॅडम म्हणाल्या, "म्हैस हुशार है काका, लेकिन एकदा नाप लेते हैं." उंचसखल मोजायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक पुंडलिकच्या हातात, एक त्यांच्या. पूर्ण रिकामी बोडी फिरल्या. सगळ्यात खोल जागा निघाली पाळीच्या मधोमध, तिच्या पायथ्याशी, आणि चांदीची जागा? तिथं तर उंचवटा!

झामूनं आधी उंचवट्याकडे पाहिलं, मग हळूच वर बाभळीकडे.

"म्हंजे थे सावलीसाठी बसत होती."

पुंडलिक भडकला. "मंग इतके वर्स आमाले खोल खोल काऊन सांगून राहिला होता बे?"

"मले चांदीनं सांगतलं नाई ना!"

* * *

मॅडमचं डिझाइन साधं होतं. पाळीच्या खालून एक मोठा पाईप बाहेर नाल्यापर्यंत. आतल्या टोकाला कोपरासारखा वाकलेला एल्बो, आणि त्या एल्बोत एक उभा पाईप. बोडीचं पाणी उभ्या पाईपच्या तोंडावर चढलं की आपोआप आत पडून बाहेर जाईल, म्हणजे सलंग झाला. आणि उभा पाईप दोरीनं ओढून आडवा पाडला की तळाचं गढूळ पाणी निघून जाईल, म्हणजे तुडूम झाला. उभा केला तर सलंग, झोपवला तर तुडूम!

"फक्त एक बात," मॅडम म्हणाल्या. "एल्बो फिरला पाहिजे. ग्रीस लावायचं, बस. कुछ भी हो जाए, इसको चिपकाना नहीं!"

आम्ही सगळ्यांनी पुन्हा माना हलवल्या.

पाळीखालचा पाईप पुंडलिकनं टाकला. पुंडलिकचा हात चांगला. अर्ध्या गावाच्या न्हाणीघरांचं पाणी त्याच्याच पाईपनं बाहेर जातं. त्याचा एक नियम: आपण जिथं बसून काम करतो तिथून उतार सुरू करायचा, म्हणजे पाणी आपल्यापासून दूर जातं. न्हाणीघरात तो आत बसतो, त्यामुळे बरोबर जमतं.

पण बोडीत आतमध्ये ऊन होतं. सावली बाहेर, नाल्याकडच्या आंब्याखाली. पुंडलिक तिथं बसला!

तेव्हा धरणाच्या नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी उन्हाळी धानाला सुटलं होतं आणि शेतातलं उरलेलं नाल्यात उतरत होतं. सकाळी जाऊन पाहतो तर पाईपमधून पाणी खळखळ बोडीत येऊन राहिलं!

पुंडलिकनं छाती काढली. "पाहा दसरूभाऊ! लोकायच्या पाईपनं बोडी खाली होते, आपल्या पाईपनं भरून राहिली!"

मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, बहुत अच्छा बना है. आता उलटा करा."

* * *

उभा पाईप किती उंच ठेवायचा, हे मॅडम जाता जाता सांगून गेल्या होत्या. स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "यहाँ तक." मग गाडीची वेळ झाली.

आता मॅडमचा खांदा म्हणजे कोणाचा खांदा? झामू ताडासारखा. माझा खांदा तर दरवर्षी खालीच येऊन राहिला. फोन लागेना. शेवटी मोबाइलमध्ये फोटो सापडला, मॅडम आणि शेवंताबाई शेजारी उभ्या. मॅडमचा खांदा बरोबर शेवंताबाईच्या कानापाशी!

झालं. शेवंताबाईला चिखलात उभी केली, पाईप शेजारी धरला, पुंडलिकनं कानाच्या पाळीपाशी पाईपवर खूण केली आणि करवत चालवली.

मॅडम पुढच्या वेळी आल्या, पाईप पाहिला, टेप लावला. म्हणाल्या, "काका, थोडा ऊँचा कैसे हो गया?"

फोटो पुन्हा काढला. त्या दिवशी मॅडमच्या पायात उंच टाचांच्या चपला!

पाईप टाचेएवढा कापला. शेवंताबाईचं मात्र तोंड फुगलं. "यापुढं मले नापायचं असल तर मी बी चप्पल घालून उभी राहीन!"

* * *

पाईपच्या तोंडावर जाळी पाहिजे, नाहीतर मासे पाण्याबरोबर जातील. नवी जाळी तालुक्याहून आणायची होती. पुंडलिक म्हणाला, "तोवर करतो मी काहीतरी." आणि केलं. तोंडावर गोल, भोकाभोकाचं, चकचकीत काहीतरी तारेनं आवळून बसवलं. एकदम मापात! आम्ही त्याची पाठ थोपटली.

दोन दिवसांनी पुंडलिकच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. पाळीवरून पुंडलिकची बायको येताना दिसली. नवं लुगडं नेसलेली, हाताला बेसन. लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरली, टाचा उंचावून पाईपच्या तोंडावरची तार उपसली आणि झारा काढून घेतला.

भजे तळायचा झारा!

पुंडलिक म्हणाला, "अवो, मासे सोडले तं जातीन ना!"

ती वळली. "आधी पाहुने, मंग मासे!"

त्या दिवशीच्या भज्यांना किंचित बोडीचा वास होता, असं झामू अजून म्हणतो. पण ताट त्यानंच दोनदा भरून घेतलं होतं. नंतर कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा करून पाईपवर बसवला.

* * *

खांब दिसला की म्हशीला मान घासावीशी वाटते. चांदीला तर बोडीतच नवा कोरा खांब मिळाला. एका दुपारी तिनं डोळे मिटून, जीभ बाहेर काढून पाईपला अशी मान घासली, की एल्बो आपला ग्रीसमध्ये सुळकन फिरला. पाईप झोपला आणि साचलेलं गुडघाभर पाणी नाल्यात गेलं. नशीब, तेव्हा मासे सोडले नव्हते.

शेवंताबाई हातात काठी घेऊन झामूच्या अंगणात. "यंदा बोडीत मासे राहतीन नाई तं तुही म्हैस!"

झामूपण कमी नाही. "खांब तुमी गाडला, बाई! खाज तिची हाय, दोष कायचा तिचा?"

पण त्या दिवसापासून चांदी दावणीला. बोडी बंद! बिचारी दिवसभर बाभळीकडे तोंड करून हंबरायची. आम्ही पाईप पुन्हा उभा केला. मग बाकीचे आपापल्या घरी गेले, असं मला वाटलं.

* * *

बोडी भरली, मासे सोडले. एक दिवस पाणी पाईपच्या तोंडावर चढलं आणि आवाज आला. "गळ्ळ्ळ... गुडूप!" थोडं थांबून पुन्हा, "गळ्ळ्ळ... गुडूप!"

कौसाकाकू धावत पाळीवर. "शेवंता! बोडीत कोन बुडून राहिलं वो?"

"कोनी नाई काकू. बोडीचं पोट भरलं. ढेकर देऊन राहिली."

तेव्हापासून गावात राम राम, जय भीम झालं की लोक पुढे हेच विचारायचे, "काय शेवंताबाई, ढेकर आला का?" तिचं घर बोडीजवळच. ढेकर ऐकू आला की ती ताट वाढून घ्यायची. दसऱ्यापर्यंत ढेकर येत राहिला तर बोडी आपली, असं तिचं साधं गणित होतं.

* * *

आणि मग तो पाऊस आला. जंगलाकडून काळा होऊन आला आणि जायचं नावच घेईना. धानाचे बांध दिसेनासे झाले. एका सकाळी मी छत्री घेऊन हळूहळू पाळीकडे निघालो होतो, तेवढ्यात शेवंताबाई मला मागे टाकून पळाली.

"दसरूभाऊ, ढेकर बंद झाला!"

पिंजऱ्यावर पळसाची पानं चिकटून गच्च बसली होती. पुंडलिकनं पोहत जाऊन ती खरवडली. ढेकर सुरू झाला, पण पाणी थांबेना. वरून येणारं जास्त, पाईपनं जाणारं कमी. पाळीचा माथा आता वीतभर वर. सरपंचही आले. छत्रीखाली उभे राहून पाणी आणि पाळीचा माथा बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"पाईप झोपवा!" शेवंताबाई ओरडली.

पाईपला बांधलेला दोर पाळीवर होताच. पुंडलिक, झामू, शेवंताबाई आणि शेवटी मी, असे आम्ही ओढायला लागलो. पाईप हलेना. जोर लावला. झामू घसरून पडला, पाईप तसाच ताठ!

"ग्रीस लावलं होतं ना?" शेवंताबाईनं विचारलं.

पुंडलिक पायाकडे पाहायला लागला. "लावलं होतं. पन म्हशीनं पाडला ना, तं मले भेव वाटला. मी मंग... जरासा सिमेंट लावला. जरासाच!"

"सिमेंट?" झामू चिखलातूनच म्हणाला. "मी तं डांबर लावला! म्हैस माही, बोलनं मले बसनार. सिमेंट दिसला, पन मले वाटलं थो मॅडमनंच लावला असन."

शेवंताबाईचा आवाज स्टेशनपर्यंत गेला. "मॅडमनं काय सांगतलं होतं? कायबी झालं तरी चिपकवायचं नाई! गेल्या साली मी पोते घातले तं गाव मले हासलं, अन् तुमी..." मध्येच ती थांबली. आवाज एकदम बसला. "सिमेंटच्या खाली सायकलचा ट्यूब दिसला का रे?"

"हव. चांगला आवळून बांधला होता," पुंडलिक म्हणाला. "मले वाटलं..."

"थो माहा."

मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी वारुळाची माती आणून ठेवली होती. भिजवायची राहिली."

"चला," झामू म्हणाला, "एक तरी कामाचा निघाला!"

हसायची वेळ नव्हती, तरी पुंडलिक फिसकन हसला. मग झामू. शेवंताबाई मात्र पाळीवर खाली बसली आणि पाण्याकडे पाहत राहिली. पाणी आता चार बोटं खाली होतं. एका जागी तर माथ्यावरून पातळ ओघळ सुरू झाला. सरपंचांनी छत्री मिटली आणि त्या जागी माती ओढायला लागले. आम्हीपण ओढायला लागलो.

तेवढ्यात मागून हंबरडा आला.

पाळीवरून चांदी येत होती. गळ्यात तुटलेलं दावं, शेपटी वर, अशी धावत, की जणू लग्नाला उशीर झालाय!

"चांदे! ए चांदे! थांब!" झामू ओरडला.

"पकड तिले!" शेवंताबाई ओरडली.

कोण पकडतो! सरपंच बाजूला झाले, मी आधीच बाजूला होतो. चांदी धप्पकन पाण्यात. पाण्यावर नुसतं डोकं आणि शिंगं. सरळ पाईपपाशी गेली. कितीतरी दिवसांची खाज होती बिचारीची! मान टेकवली, डोळे मिटले आणि अंगाचा सगळा भार देऊन घासायला लागली. एकदा. दोनदा.

"पाईप तोडते थे!" पुंडलिक किंचाळला.

खालून कर्रकन आवाज आला. पाईप थरथरला, तिरपा झाला आणि चांदीच्या मानेखालून हळूच पाण्यात झोपला.

आणि बोडीनं ढेकर दिला! असा ढेकर मी जन्मात ऐकला नव्हता. पाळीच्या पलीकडे पाईपच्या तोंडातून चहाच्या रंगाचं पाणी धबाधबा नाल्यात पडायला लागलं. तळाचा गाळ, बारीक काड्या, पाईप टाकताना आतच राहिलेली झामूची एक चप्पल, सगळं बाहेर. मासे तेवढे पिंजऱ्याच्या अलीकडे, आपल्या घरी!

ओघळ थांबला. मग पाणी बोटभर उतरलं, मग वीतभर. झामू पाण्यात उभा राहून म्हशीच्या गळ्यात पडून रडत होता की हसत होता, पावसात कळलं नाही. शेवंताबाई मला म्हणाली, "दसरूभाऊ, घरी ताट वाढून ठेवलं होतं मी सकाळी. आता जेवतो."

पण तिला जाता आलं नाही. दुपारी पाऊस उघडला तरी सरपंच पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. काठीनं पाळ ठोकून पाहिली. नाल्याकडे जाऊन पाणी पाहिलं. परत आले तेव्हा चेहरा मोकळा होता.

"शेवंताबाई, मानलं बाप्पा! बोडी तुमचीच. आता बाकीच्या गावायले बी दाखवाव लागते हे. डिझाइन कोनाची?"

शेवंताबाईनं पुंडलिककडे पाहिलं. तो नखातला चिखल काढत होता. झामूकडे पाहिलं. तो तुटलेल्या दाव्याला गाठ मारत होता. मग तिनं हात उचलून बोडीच्या पलीकडे बोट दाखवलं.

"थे पाहा, बाभळीखाली बसून राहिली."